व्यायामाचे तुकडे: दिवसभर थोडा थोडा की एकदाच सलग?

दमछाक:
रोज सलग पाऊण तास ज्यांना मिळत नाही, त्यांनी व्यायाम दिवसभरात वाटून घ्यावा. सकाळी पाच मिनिटं बैठका, दुपारी जोर, संध्याकाळी दोन-तीनदा जिना. यात कमीपणा काहीच नाही, असं माझं मत. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी त्यात ‘एका वेळी किमान दहा मिनिटं’ ही अट होती. २०२० च्या सूचनांत ती काढून टाकली. तरी घरात कुणी मधेच उठून चार बैठका मारल्या की बाकीचे हसतात! विरोधी मतं येऊ द्या, फक्त ‘आळशांची पळवाट’ एवढंच लिहून पसार होऊ नका.

लोखंडी:
पळवाटच आहे, पण कारणासकट सांगतो. ताकद वाढते ती भार वाढत गेला तर. पाच मिनिटांत अंग जेमतेम तापतं आणि वेळ संपतो. मग माणूस वर्षभर त्याच वीस बैठकांवर अडकून राहतो. जड वजन उचलायचं तर आधी हलक्या वजनाचे दोन-तीन सेट (सलग काही वेळा उचलून थांबायचं, तो एक सेट) लागतात, ते दिवसातून चारदा कोण करणार? शिवाय त्याच सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचा व्यायामही सांगितलाय. तुकडेवाले नेमकं तेवढंच विसरतात.

दमछाक:
@लोखंडी, विसरलेलो नाही, त्यावरच येतो. आठवड्याभरात एखाद्या स्नायूचे एकूण किती कठीण सेट झाले, याला जास्त महत्त्व. ते एका दमात केले की चार वेळा मिळून, याने फार बिघडत नाही. सलग करताना चौथ्या सेटला जोर निम्म्यावर येतात. दोन तासांनी ताज्या हातांनी केले तर पूर्ण निघतात. भार वाढवायला लोखंडच कशाला? जोर आधी भिंतीवर, मग टेबलाच्या कडेवर, मग जमिनीवर, मग पाय उंच ठेवून. बैठकीत सावकाश खाली जा, पुढे एका पायावर या. वीसवर अडकणं हा माणसाचा दोष, तुकड्यांचा नव्हे.

आकडेमोड:
आता कुणीतरी २०२२ चा ‘नेचर मेडिसिन’मधला अभ्यास आणणारच, म्हणून आधीच लिहितो. ब्रिटनमधले २५ हजारांहून अधिक लोक, कुणीही मुद्दाम व्यायाम न करणारे, मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र. दिवसातून तीनेकदा मिनिट-दोन मिनिटं धाप लागेल अशी हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३८ ते ४० टक्के कमी दिसला. पण हे नुसतं निरीक्षण. धापा टाकत जिना चढणारा माणूस मुळातच धडधाकट असू शकतो. त्यापेक्षा २०१९ चा कॅनडातला प्रयोग मला पटतो: बैठ्या तरुणांनी ६० पायऱ्या जोरात चढायच्या, दिवसातून तीनदा, मधे काही तासांचं अंतर, आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. दमसास वाढला, पण थोडाच. आणि माणसं जेमतेम दोन डझन. तेव्हा दोन्ही बाजूंनी जरा सबुरीनं घ्या.

निवांत:
माझा आक्षेप शरीराचा नाहीच. सलग व्यायाम एकदा उरकला की दिवस मोकळा. तुकडे केले की ‘अजून दुपारचं राहिलंय’ ही टोचणी दिवसभर. त्यात घाम, कपडे बदलणं. तो एक तास दार लावून फोन बाजूला ठेवायचं सुख तुमच्या पाच मिनिटांत नाही.

साखरेवर_नजर:
@निवांत, सुखाचं ठीक, पण रक्तातली साखर जेवणानंतर चढते, तुमच्या सोयीच्या तासाला नाही. स्नायू काम करताना इन्सुलिनवर फार अवलंबून न राहता साखर ओढून घेतो. २०१३ मध्ये मधुमेहाचा धोका असलेल्या वयस्कर मंडळींवर एक छोटा प्रयोग झाला: एकदा सलग ४५ मिनिटं चालणं, नाहीतर तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं. रात्रीच्या जेवणानंतरची साखर तुकड्यांनी जास्त उतरली. इथे तुकडे ही तडजोड नाही, तोच चांगला मार्ग. (इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच.)

लोखंडी:
चालण्याला मी कधी नाही म्हटलं? पण तासन् तास खुर्चीत आखडलेल्या गुडघ्यांना एकदम उड्या मारायला लावू नका, मिनिटभर तरी जागच्या जागी चाला. आणि @दमछाक, तुमच्या यादीत पाठ कुठाय? जोर, बैठका, जिना. ओढण्याचा एकही प्रकार नाही.

दमछाक:
रबरी पट्टा. नसेल तर भक्कम टेबलाखाली आडवं पडून कड धरायची आणि छाती वर ओढायची.

लोखंडी:
टेबल आधी हलवून बघा म्हणजे झालं. सहा महिन्यांनी एका पायावरच्या बैठका किती निघतात ते इथेच लिहा. तोवर असहमत.