कोल्हापूर ते परदेश : विमानाचे तास किती आणि घरापासूनचे किती? अनुभव लिहा

लेक लंडनला शिकायला गेल्यापासून आमच्या हिला सगळे विचारतात, "किती लांब हो?" मुंबई-लंडन सरळ अंतर साधारण 7,200 किलोमीटर, हे तोंडपाठ झालंय. पण आम्ही तिला सोडायला रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो, सकाळी दादरला उतरलो, दिवस नातेवाइकांकडे काढला आणि विमान रात्री उशिरा. ती खोलीवर पोचल्याचा फोन आला तेव्हा घर सोडून दीड दिवस उलटून गेला होता. तुमचे आकडे दारापासून दारापर्यंतचे सांगा.

राजारामपुरी : लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना तासभर कमी. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. येताना ते पाठीशी असतात. तिकिटावरच्या वेळा मात्र तिथल्या घड्याळाच्या. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार. वजाबाकी करताना हे विसरू नका.

कसबा बावडा : मुंबईहून न्यूयॉर्क सुमारे 12,500 किलोमीटर, थेट विमानानं पंधरा-सोळा तास. समोरच्या पडद्यावर विमान उत्तरेकडं वळलेलं बघून मी घाबरलो होतो. घरी आल्यावर नातवाच्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांत दोरा ताणला, तर तो आपोआप वर उत्तरेकडं सरकला. सपाट नकाशावर वाकडी दिसणारी वाट गोलावर जवळची असते. नातवालाही ते तिथंच कळलं.

इचलकरंजी : आमचं विमानात काही अडलं नाही, खंबाटकीत अडलं. तीन तास. आता मोटारीनं जायचं तर आदल्या दिवशीच निघतो.

शाहूपुरी, सध्या सिडनी : बाबा गेल्याचा फोन पहाटे आला. सिडनी-सिंगापूर आठ तास, तिथं थांबा, मग मुंबई साडेपाच तास. उडण्याचे तास चौदासुद्धा नाहीत. पण तिकीट मिळण्यात दुपार गेली, सिंगापुरात सात तास बसलो, आणि मुंबईहून कोल्हापूरला गाडीनं आलो. पंचगंगेवर सगळं उरकलं होतं. भावानं माझ्यासाठी थांबायचं म्हटलं होतं, मीच नको म्हणालो. तेव्हापासून आईला भेटायला दरवर्षी येतो, निमित्त लागत नाही.

धागाकर्ता : दादा, तुमचं वाचून हिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग लेकीला फोन लावला.

एक विचारायचं राहिलं. उजळाईवाडीहून मुंबईला तासाभराचं विमान धरून पुढचं परदेशी विमान कुणी गाठलंय का? दोन्ही तिकिटं वेगळी काढली तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, एवढं कळलंय. मध्ये किती तास ठेवलेत ते लिहा. डिसेंबरात लेक येणार आहे.