मदत हवी आहे: फोटो एडिटिंगला माऊसच बरा की पेन टॅबलेट घेऊ?

नमस्कार मंडळी,

खानापुरात (जि. बेळगाव) माझा लहानसा स्टुडिओ आहे. पासपोर्ट साईज, बारसं, लग्नाचे अल्बम, आणि गेल्या दोन वर्षांत वाढलेलं काम म्हणजे जुने फोटो नीट करून देणं. बारा वर्षं सगळं माऊसवर चाललंय. ‘हे माऊसनं केलंय का’ असं आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलेलं नाही. तरी आता अडलोय, आणि पेन टॅबलेट (कॉम्प्युटरला जोडायची पाटी, तिच्यावर पेन फिरवलं की स्क्रीनवर पॉइंटर फिरतो) घ्यावा का असा विचार चाललाय.

अडलोय ते एका मिशीपाशी. जांबोटीकडच्या एका आजींनी त्यांच्या मालकांचा फोटो आणून दिला. फेटा, कोट, झुबकेदार मिशी. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. भिंतीला ओल, ओलीनं प्रिंट फ्रेमच्या काचेला चिकटलेली, आणि बुरशीनं नेमकी एका बाजूची मिशी खाल्लेली. गाल, कपाळ फोटोशॉपच्या हीलिंग ब्रश आणि क्लोनवर (शेजारचा चांगला भाग उचलून डागावर बसवायची हत्यारं) निघालं. फेटाही जमला. मिशी मात्र चार वेळा काढली आणि चारही वेळा खराट्यासारखी दिसली. चांगली बाजू उचलून, उलटी करून दुसरीकडं लावून बघितली, तर आजोबा नाटकातले सरदार दिसायला लागले. केस मुळाशी जाड, टोकाला बारीक. माऊसचा फराटा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचा. इथंच घोडं पेंड खातंय.

माझे वडील याच दुकानात निगेटिव्हवर रिटचिंग करायचे. तिरका डेस्क, खालून उजेड, निगेटिव्हवर रिटचिंग मीडियमचा (एक चिकटसर द्रव) हात फिरवलेला म्हणजे पेन्सिल धरते. मग सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं सुरकुतीच्या जागी बारीक बारीक स्वल्पविराम काढत बसायचे. निगेटिव्हवर सुरकुती पारदर्शक असते, तिथं शिसं चढलं की प्रिंटमध्ये ती उजळते. ‘घासू नको, नुसती सावली लाव,’ असं मला म्हणायचे. मला ते कधी जमलं नाही. कॉम्प्युटर आला तेव्हा सुटलो असं वाटलं होतं, आणि आता पन्नाशीकडं झुकताना परत पेन्सिलच हवी असं वाटायला लागलंय.

दुसरं कारण मनगट. सीझनमध्ये दिवसाला आठ-नऊ तास क्लिक होतात. रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होतात.

आता आषाढ लागलाय. तुळशीच्या लग्नापर्यंत अल्बमचं काम कमीच, म्हणजे शिकायला वेळ आहे. बजेट पाच हजार. स्क्रीनवाला टॅबलेट नको, परवडत नाही. एवढंच सांगा, की या वयात पेन हाताला बसेल का, लहान साईजनं भागेल का, आणि माऊस पूर्ण सोडावा लागतो का?

निपाणीकर

घेऊन सोड की मर्दा! बारा वर्सं माऊस घासालायस आणि पाच हजाराला विचार करालायस? फोटोशॉप कुठलं हाय ते सांग आधी, आणि स्क्रीन केवढा.

खानापूर स्टुडिओ (धागाकर्ता)

सीएस 6. विंडोज 10. एकच मॉनिटर, 22 इंची, 1920 बाय 1080. जुनं आहे, पण पैसे देऊन घेतलेलं आहे, म्हणून सोडवत नाही.

टिळकवाडी थर्ड गेट

दादा, मी शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्यांचे कॅटलॉग करते. मॉडेलचा चेहरा आणि साडी, दोन्ही माझ्याच टेबलावर येतं, म्हणून दोन्ही हत्यारांचा अनुभव आहे. जरा सविस्तर लिहिते.

टॅबलेटनं फोटो आपोआप चांगला होत नाही. त्यातून मिळतो तो दाब. माऊसला बटण दाबलंय की नाही एवढंच कळतं. पेनला किती दाबलंय ते कळतं. वॅकॉम कंपनीचा ‘वन बाय वॅकॉम’ नावाचा साधा टॅबलेट 2048 पातळ्या ओळखतो, बाकी कंपन्या 8192 असं डब्यावर मोठ्या अक्षरात छापतात. त्या आकड्यामागं लागू नका. आपल्या हाताला त्यातला फरक कळत नाही, आणि 2048 मिशीला भरपूर झाल्या.

पेन जोडल्यावर ब्रशचं पॅनेल उघडा (एफ 5). ‘शेप डायनॅमिक्स’मध्ये कंट्रोलला ‘पेन प्रेशर’ निवडा. म्हणजे दाबाल तसा ब्रश जाड, सोडाल तसा बारीक. हे केसांसाठी. चेहऱ्याला मात्र हे बंद करा आणि ‘ट्रान्सफर’मध्ये फ्लोला पेन प्रेशर द्या. म्हणजे जाडी तीच राहते, रंग मात्र दाबाप्रमाणं चढतो. सुरुवातीला दोन्ही एकदम चालू ठेवलं तर हात कशाला दाद देतोय तेच कळत नाही. मी पहिला आठवडा यातच घालवला.

तुमचे वडील जे करायचे त्याला आता आम्ही डॉज अँड बर्न (उजळणं आणि गडद करणं) म्हणतो. नवीन लेयर घ्या, 50 टक्के ग्रे भरा, ब्लेंडिंग ‘सॉफ्ट लाईट’ ठेवा, आणि त्यावर मऊ ब्रशनं, फ्लो तीन-चार टक्के ठेवून, पांढरा-काळा लावत जा. गालावरचा खड्डा उजळायचा, उंचवटा दाबायचा. पुसायची गरज नाही, ब्लर तर अजिबात नाही. गिऱ्हाइकं ‘गोरं करा’ म्हणतात तेव्हा सगळे जण ब्लर फासून मोकळे होतात आणि नवरीच्या नथीचे मोतीसुद्धा साबणाचे दिसतात. असो, तो वेगळा विषय आहे.

अवघड काय ते पण सांगते. माऊस उचलून परत ठेवता येतो, पॉइंटर जागेवर राहतो. पेनचं तसं नाही. टॅबलेटचा कोपरा म्हणजे स्क्रीनचा कोपरा, हे नातं पक्कं असतं. हात टॅबलेटवर आणि नजर स्क्रीनवर, हे मेंदूला पटायला मला दोन आठवडे लागले. पहिल्या चार दिवसांत रडकुंडीला येऊन माऊस हातात घेतला की संपलं. ड्रायव्हरमध्ये पेनला ‘माऊस मोड’ असतो, तो चुकूनही लावू नका. सोपा वाटतो, पण पेन कधीच हाताला बसत नाही.

कापायच्या कामाला, म्हणजे साडीच्या काठाला फोटोशॉपच्या पेन टूलनं पाथ (ठिपके जोडत काढलेली रेघ) मारायचा असेल तर मी आजही माऊस घेते. अँकर पॉइंट ठेवायला स्थिर बोट लागतं, दाब नाही. नावातच ‘पेन’ टूल आणि वापरायचा माऊस, याची मला अजून गंमत वाटते.

चिकोडीचा अल्बमवाला

मी उलटं सांगतो. माझा टॅबलेट दोन वर्षं कपाटावर आहे, त्यावर मुलगी चित्रं काढते. 12 बाय 36 च्या शीटवर टेम्प्लेट टाकायचं, फोटो ओढायचे, मास्कमध्ये बसवायचे, नवरा-नवरीची नावं एका बाजूला श्रीलिपीत (मराठी) आणि एका बाजूला नुडीत (कानडी) टाईप करायची. दोन्हीकडची मंडळी, दोन्ही लिप्या हव्यात. यात पेन कुठं आलं? सारखं पेन ठेवा, कीबोर्ड घ्या, परत पेन शोधा. पेन टेबलाखाली पडलं की अर्धा तास गेला.

आणि मिशी माऊसनंच होते. पेन टूलनं एका केसाचा वळणदार पाथ काढ. ब्रशच्या शेप डायनॅमिक्सला पेन प्रेशर लाव, टॅबलेट नसला तरी चालतं, इशाऱ्याचं चिन्ह येईल तिकडं बघू नको. ब्रश दोन-तीन पिक्सेलचा ठेव. पाथवर राईट क्लिक, ‘स्ट्रोक पाथ’, आणि खाली ‘सिम्युलेट प्रेशर’ला टिक. केस दोन्ही टोकांना निमुळता येतो. मूळ जाड हवं असेल तर पाथ ओठाच्या जरा वरून सुरू कर आणि तो भाग मास्कनं झाक. असे वीस-पंचवीस पाथ वेगवेगळ्या वळणाचे काढले की झाली मिशी. वेळ जातो, पण पाच हजार वाचतात.

शिवाय आल्ट धरून राईट क्लिक दाबून आडवं ओढलं की ब्रशचा आकार बदलतो, उभं ओढलं की कडकपणा. आकडे दाबले की ओपॅसिटी, शिफ्ट धरून आकडे दाबले की फ्लो. हे हातात बसलेलं नसेल तर टॅबलेट घेऊन पण उपयोग नाही.

टिळकवाडी थर्ड गेट

अल्बमवाले, तुमची मिशीची युक्ती खरी आहे, मीही वापरलीय. पण एका मिशीला. भुवया, पापण्या, फेट्याखालून आलेले केस असं सगळं पाथनं काढत बसलात तर तेवढ्यात दुसरे तीन फोटो होतात.

कंग्राळीकर

बोटांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होणं ही मनगटातली मीडियन नर्व्ह दाबली जाण्याची नेहमीची खूण आहे. कार्पल टनेल म्हणतात ते. माझं तेच झालं होतं. टॅबलेट हा त्यावरचा उपाय समजू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. पेन घट्ट आवळून धरलं तर तेवढंच दुखतं, आणि नवशिका माणूस आवळूनच धरतो. मला फरक पडला तो टेबलाची उंची कमी केल्यावर आणि रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपल्यावर. माऊस की पेन हा प्रश्न त्यानंतरचा.

निपाणीकर

साईजचं कुणी सांगितलंच नाही की. हिशोब बघ. ‘वन बाय वॅकॉम’चा लहान टॅबलेट, त्याची लिहायची जागा 152 बाय 95 मिलिमीटर. तुझा स्क्रीन 1920 पिक्सेल रुंद. म्हणजे हात एक मिलिमीटर हलला की पॉइंटर साडेबारा पिक्सेल पळतो. मध्यम साईज 216 मिलिमीटर, तिथं नऊ पिक्सेल. रिटचिंग करताना आपण झूम करूनच बसतो, त्यामुळं लहान साईज चालते. मोठा घेतला तर अख्खा हात खांद्यातून हलवावा लागतो, तुझ्या टेबलावर जागा हाय का तेवढी?

आणि एक. स्क्रीन 16 बाय 9, टॅबलेट 16 बाय 10. तसाच जोडलास तर गोल काढायला जाशील आणि अंडं येईल. ड्रायव्हरमध्ये ‘फोर्स प्रपोर्शन्स’ लाव. खालची साडेनऊ मिलिमीटर पट्टी वाया जाते, जाऊ दे. विंडोजमध्ये पेन दाबून धरलं की गोल फिरतो आणि राईट क्लिक होतं, ते पण बंद कर, नाहीतर हळू ब्रश मारताना डोकं फिरतंय. तुझं सीएस 6 हाय म्हणून विंडोज इंकची (विंडोजची स्वतःची पेनची सोय) भानगड नाही. फोटोशॉप सीसी 2014 पासून पुढच्यांना ती हाय.

खानापूर स्टुडिओ

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण करून बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

कंग्राळीकर, डॉक्टरांना दाखवलं. तुम्ही म्हणालात तेच निघालं. पट्टा बांधतोय, टेबलाचे पाय सुताराकडून दोन इंच कापून घेतले. बायको म्हणते, आधीच का नाही कापले.

टॅबलेट बेळगावातून लहानच आणला. पहिले पाच दिवस काय झालं ते सांगत नाही. सहाव्या दिवशी माऊस बायकोच्या ताब्यात दिला आणि मागितला तरी देऊ नको म्हणून सांगितलं. साधारण बाराव्या दिवशी एकदम लक्षात आलं, की मी हाताकडं बघत नाहीय. चेहऱ्यावर फ्लो तीन टक्के ठेवून सावली लावताना वडिलांचा आवाज कानात होता. टोकाखालचं प्लास्टिक गुळगुळीत वाटत होतं म्हणून टॅबलेटवर साधा कागद चिकटवला. पेन्सिलीसारखी खरखर छान येते, पण कागदानं टोक लवकर झिजतं. डब्यात तीन जादा टोकं होती, त्यातलं एक महिन्यात अर्धं गेलं. कागद काढून टाकलाय.

अल्बमवाले, शीट लावायला मात्र माऊसच. त्यात तुमचं शंभर टक्के बरोबर. आता पेन उजव्या हातात आणि माऊस डावीकडं ठेवून डाव्या हातानं चालवतोय. चुकतं, पण मनगटाला विसावा मिळतो.

मिशी एका दुपारी झाली. 600 डीपीआयवर स्कॅन केलेली होती. मुळाशी तीन पिक्सेल, टोकाला एकही नाही, आणि मधे दोन-चार केस मुद्दाम वाकडे. आजी मुलाबरोबर फोटो न्यायला आल्या. बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, ‘मिशी बरोबर हाय रे, पण फेट्याचा तुरा ह्या अंगाला नव्हता.’

मी मूळ प्रिंट काढून बघितली, तुरा तिथंच होता. मग कोटाकडं लक्ष गेलं. वरचा खिसा उजव्या छातीवर, बटणंही उलट्या बाजूला. म्हणजे त्या काळी कुणीतरी एन्लार्जरमध्ये (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र) निगेटिव्ह उलटी घालून प्रिंट काढली होती, आणि इतकी वर्षं आजोबा भिंतीवर उलटे लटकले होते. फ्लिप कॅनव्हास हॉरिझॉन्टल केलं. दोन सेकंद लागले, तेही माऊसनं.