ऑटिझमच्या पोराला 'आकार कळत नाहीत' असा शिक्का मारणं बरोबर आहे का?

परभणीकर_बाप
पोरगं सहा वर्षांचं, ऑटिझम आहे. परवा एका ठिकाणी टेस्ट केली, रिपोर्टात लिहिलं 'आकृती समजण्यात कमी'. अहो हेच पोरगं आजीच्या गोधडीत उलटं शिवलेलं ठिगळ बरोबर बोट लावून दाखवतंय की! १९८३ साली शाह अन् फ्रिथ ह्या दोघी संशोधकांनी ऑटिझमच्या मुलांना चित्रात लपलेला त्रिकोण शोधायला लावला होता, तर मानसिक वय तेवढंच असलेल्या बाकीच्या मुलांपेक्षा हीच सरस निघाली. मग रिपोर्टवाले हे का लिहीत नाहीत, नुसतं कमी कमी काय लिहायलेत? नजर वेगळी आहे, तिला दोष म्हणू नका.

उदगीरची_ताई
दादा राग मानू नका, मी विशेष मुलांना शिकवते अन् हे असं कौतुक ऐकलं की मला धडकीच भरते. ठिगळ दिसलं, बरं. पण स्टीलच्या पेल्याला पेला म्हणणारं लेकरू लाल प्लास्टिकचा पेला दिला की गप्प बसतं, त्याचं काय? साधारण दोन वर्षांचं पोर नवीन वस्तूचं नाव आकारावरून दुसऱ्या वस्तूला लावायला शिकतं. २००८ च्या एका अभ्यासात ऑटिझमची मुलं, बरेच शब्द येत असूनही, हे करत नव्हती. शब्द तिथंच अडतात. आईबाप 'आमचा लई हुशार' म्हणत बसतात अन् थेरपी लांबते.

देवगिरी७७
सगळं मोबाईलमुळं होतंय.

गोदाकाठी
मोबाईलनं ऑटिझम होत नाही भाऊ, उगं काही टाकू नका.
बाकी ते १९८३ चं आता जुनं झालं. २०१५ मधे ५६ शोधनिबंध एकत्र करून तपासले, तर बारकावे टिपण्यात ही मुलं सरसकट पुढं आहेत असं काही निघालं नाही, अन् अख्खा आकार दिसतच नाही असंही नाही. दिसतो, पण उशिरा, त्यातही बारीक तुकडे वेगळंच काही दाखवत असले तर जास्तच. लहान लहान 'क' मांडून मोठा 'म' केला तर आधी 'क' दिसणार, 'म' मागून.

परभणीकर_बाप
हाव, मग तेच तर म्हणायलोय! टेस्टला घड्याळ लावलं होतं. वेळ दिला असता तर?

उदगीरची_ताई
टेस्टमधे द्या की वेळ, मी कुठं नाही म्हणते. पण स्टँडावर रिव्हर्स येणारी एसटी थांबते का? अन् रिपोर्टातलं 'कमी' खोडून घ्यायच्या मागं लागू नका, उद्या शाळेत जादा वेळ मागायला गेलात की तोच कागद दाखवावा लागतो.

परभणीकर_बाप
ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, चालूच आहे ताई, बंद कोण करायलंय. पण जादा वेळ मिळावा म्हणून पोराला कमी म्हणवून घ्यायचं, हे कुठलं गणित? 'वेळ लागतो' असं लिहायला त्यांची शाई संपते का?