मदत हवी आहे: टॉवेल कारखान्यांच्या सॉफ्टवेअरआधी टीमची कार्यशाळा कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आमची छोटी सॉफ्टवेअर टीम आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यांसाठी उत्पादन आणि मजुरीचा हिशेब मोबाइलवर ठेवायची सोय आम्ही करतोय. कोड लिहायला घेण्याआधी अर्धा दिवस एकत्र बसून ठरवायचंय, की यात कोणकोण गुंतलेलं आहे आणि कोणाला नेमकं काय हवंय. कार्यशाळा मलाच चालवायची आहे.

गिऱ्हाईक म्हटलं की टीममध्ये सगळे मालकाबद्दलच बोलायला लागतात, कारण पैसे तो देणार. पण जिथे मजुरी नगावर आहे तिथे मागावरचा कामगार, कांडी भरणाऱ्या बायका, टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायका, हिशेब लिहिणारा कारकून या सगळ्यांचा आठवड्याचा पगार आमच्या नोंदीवर ठरणार. नग कोण मोजणार? खराब निघालेला माल कोणाच्या नावावर पडणार? मला हेच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे वाटतात.

सध्या असं डोक्यात आहे: आधी प्रत्येकाने न बोलता चिठ्ठ्यांवर स्टेकहोल्डर (म्हणजे यात गुंतलेली माणसं) लिहायचे (नाहीतर सिनिअर पहिला बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात). मग प्रभाव आणि रस यांचा चौकोन, म्हणजे कोणाचं किती चालतं आणि कोणाला यात किती रस आहे, त्यानुसार चार कोपऱ्यांत चिठ्ठ्या लावायच्या. त्यानंतर एकेकाचा एम्पथी मॅप, म्हणजे त्या माणसाच्या जागी जाऊन चार गोष्टींचा तक्ता: काय बोलतात, काय करतात, काय विचार करत असतील, काय वाटत असेल. पहिल्या दोन गोष्टी पाहता-ऐकता येतात, पुढच्या दोन आमचा अंदाज. म्हणून अंदाजाच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या, आणि प्रत्येक अंदाजासोबत प्रत्यक्ष जाऊन विचारायचा एक प्रश्न.

अडलंय ते इथे. त्या चौकोनात शिवणकाम करणारी बाई 'प्रभाव कमी, रस कमी' या कोपऱ्यात जाते, आणि त्या कोपऱ्यासाठी नेहमीचा सल्ला 'फक्त लक्ष ठेवा' एवढाच. हे मला पटत नाही. काय बदलावं? कामगारांना कार्यशाळेलाच बोलवावं का? अनेकांच्या घरी तेलुगू बोलतात, आणि आमच्यात तेलुगू येणारा एकच आहे.

प्रतिसाद:

मी बचत गटांसोबत काम करते, त्या अनुभवावरून सांगते. मालक आणि कामगार एका खोलीत बसवू नका, मालकासमोर कोणी मोकळं बोलत नाही. कामगारांना बोलावलंत तर बुडालेल्या नगांची मजुरी द्यायचं आधी ठरवा. त्यापेक्षा तुम्हीच त्यांच्या घरी जा, मागांच्या खडखडाटात बोलणं होत नाही आणि पाळी सुटताना जो तो घाईत असतो. 'तुम्हाला काय हवंय' असं विचारू नका. 'मागच्या आठवड्याचा हिशेब कसा ठेवलात, वही दाखवता का' असं विचारा. उत्तर तेलुगूत असेल तर आधी तेलुगूतच टिपून घ्या.

चौकोनात 'रस' काढून 'परिणाम' लिहा. प्रभाव कमी पण परिणाम जास्त, अशा लोकांकडे सगळ्यात आधी जायचं.

धागाकर्ता:

ताई, मनापासून आभार. 'परिणाम'चा बदल आजच करतो. संक्रांतीला गड्डा यात्रा (सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) सुरू झाली की कोणी सापडायचं नाही, म्हणून घरभेटी त्याआधीच उरकायचा विचार आहे. अशोक चौकाच्या बाजूला सोबत येऊ शकेल असं तेलुगू बोलणारं कोणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.