रेट पडलाय, घेऊ का थांबू? (अनुभव टाका)

शेवग्याची_शेंग
काल रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. ब्रॅम्प्टनला असतो, टोरांटोच्या बाजूला. मावशी, इथं २०२२ च्या सुरुवातीला घरांचे रेट लई वर गेलते, तेव्हापासनं उतरायलेत, एक घर बघितलंय, मालक अजून कमी करतो म्हणतोय, घेऊ का थांबू? आता मला काय कळतंय कॅनडाचं. पण फोन ठेवला आणि नंतर झोपलोच नाही मी, सगळं २०१९ आठवत बसलो.

आम्ही तेव्हा कोल्हापुरातल्याच संभाजीनगरात भाड्यानं. ऑगस्टचा महापूर ओसरला आणि नागाळा पार्काच्या खालच्या अंगाला एक टू बीएचके आला, पहिला मजला. पुराआधी मालक ४८ लाख म्हणत होता, दसऱ्याला ४२ झाला, दिवाळी झाल्यावर त्यानंच फोन केला, ३८ ला देतो. आमच्या ह्यांनी वहीत आकडे मांडले, पीएफ, माझी भिशी, सासऱ्यांचं ऊस बिल, सगळं. बघायला गेलो तर जिन्याला नवा रंग, पण मीटरची पेटी रंगवायची राहिलती, तिच्यावर गाळाची रेघ सरळ पट्टीनं मारल्यागत. वरती घरात मालकाची आई बसलेली, लग्नाच्या अल्बममधले फोटो सोडवून दोरीला चिमटे लावून वाळवत होती, तीन महिने होत आले तरी. अल्बम खाली पार्किंगच्या कपाटात होता म्हणे. चहा दिला आम्हाला. म्हणाली, पाणी आलं की आठ दिवस लेकीकडं जायाचं, परत यायचं, घर कुठं जातंय.

ह्यांना ते ऐकून वाटलं घ्यावं. मला तेच ऐकून वाटलं नको. आम्ही ३६ ला मागितलं, खरं सांगायचं तर त्यानं नाही म्हणावं म्हणूनच मागितलं. त्यानं दुसऱ्याला ३९ ला दिलं.

जुलै २०२१ ला परत पाणी, २०१९ पेक्षा जास्त. मी सुटलो म्हणून खूश झालो आणि लगेच त्या घरातल्यांचं काय झालं असेल म्हणून लाज पण वाटली. आता तोच फ्लॅट ६० च्या पुढं सांगतायत. मग आम्ही जिंकलो का हरलो? सांगा तुमचं पण.

खासबागचा_पठ्ठ्या
३६ ला मागितलं आणि देवाला हात जोडले 🤣 आमची आई भाजीवाल्याशी असंच करते, घ्यायची नसली की निम्म्याला मागते

लवंगी_मिरची०९
दोरीला वाळत घातलेले फोटो... आमच्या दुधाळीतल्या घरी हेच. आजोबांचा एकच फोटो होता तो गेला. घराच्या रेटचं राहू दे.

आठवी_गल्ली
एक सांगतो, कामाचं आहे. पुराच्या पट्ट्यात काही बघत असाल तर रेट विचारायच्या आधी पूररेषा, म्हणजे निळी रेषा (नेहमीच्या पुराची) आणि लाल रेषा (मोठ्या पुराची), नकाशावर कुठनं गेलीय ते बघा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंधन असतं, बिल्डिंग जुनी झाल्यावर परत बांधायची वेळ आली की तेव्हा कळतं. "२००५ ला पाणी आलं नव्हतं" ह्याला काही अर्थ नाही, २०१९ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ पार. धोक्याची पातळी ४३ आहे. २००५ ला कोरडी राहिलेली घरं २०१९ ला बुडाली. आमच्या मामांनी २००६ ला असंच पडत्या भावात घेतलं "शंभर वर्षांतनं एकदा येतं" म्हणून. मामा अजून आहेत, शंभर वर्षं मात्र दोनदा होऊन गेली.

सातबारा_हरवलेला
सगळं त्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं होतंय.

आठवी_गल्ली
भावा इथं अलमट्टी काढू नको हात जोडतो, धागा घराचा आहे

रंकाळा_ते_फिनिक्स
मी पाठवतो भाच्यासाठी, जवळचा अनुभव आहे. २००९, ऍरिझोना. लेहमन बँक बुडून सहा महिने झालेले, आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी कुणीतरी खोका घेऊन बाहेर जायचं. फिनिक्स भागात २००६ ला ज्या घराला ३ लाख ४० हजार डॉलर मागत होते ते १ लाख ७० ला बँक विकत होती. शेजारची दोन घरं रिकामी, हिरवळ वाळून काडी झालेली, एका घरातनं जाताना माणसानं रागानं किचनचे नळ पण उपटून नेलेले. सरकार पहिलं घर घेणाऱ्याला ८००० डॉलरची करसवलत देत होतं, त्याला मुदत घातलेली, एजंट रोज फोन करायचा.

बाबांना फोनवर म्हटलं, बाबा इथं घरं पडायला लागलीत. बाबा म्हणाले पडणारच, लाकडाची असतात ना.

घेतलं. आणि पुढची दोन वर्षं ते अजून पडत गेलं, २०११ पर्यंत. म्हणजे कर्ज जास्त आणि घराची किंमत कमी अशी गत, विकायला गेलो असतो तर पदरचे भरून बाहेर पडावं लागलं असतं. व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली असती तर घराची चावी बँकेला आणि आम्ही कोल्हापूरला. बायकोनं दोन वर्षं रेट बघायची वेबसाइट उघडायला बंदी घातलेली घरात. नोकरी टिकली म्हणून घर टिकलं, त्यात माझी हुशारी शून्य. माझ्याबरोबरच्या एकानं त्याच महिन्यात त्याच गल्लीत घेतलं, माझ्यापेक्षा ५ हजार डॉलर स्वस्तात, त्याची नोकरी गेली.

भाच्याला एवढंच विचारा, पगार बंद झाला तर किती महिने हप्ता जाईल. मी तेव्हा चार महिने म्हटलं होतं, खरं दोनच जात होते.

पापाची_तिकटी
शेंग, तुम्ही ताई का दादा? "झोपलोच नाही" म्हणता आणि "आमच्या ह्यांनी" पण म्हणता. गोंधळ झाला.

शेवग्याची_शेंग
ताईच ओ! कोल्हापूरच्या बायका जातो येतो जेवलो असंच म्हणतात. तुम्ही पुण्याचे दिसताय 😀

पापाची_तिकटी
पुण्याचाच, बायको पापाच्या तिकटीची. लग्नाला नऊ वर्षं झाली, अजून ती "मी आलो" म्हटली की मी दाराकडं बघतो कोण आलाय.

गुंठेवारी_पीडित
नोटाबंदी. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठला ती घोषणा आणि देवदिवाळीला आमचा इसार ठरलेला, पाचगावच्या पुढं ३ गुंठे, गुंठ्याला ७ लाख, निम्मे चेकनं निम्मे रोख. चार दिवसात मालकाचाच फोन, सगळा चेक चालंल, साडेपाचनं करू. मी म्हटलं लॉटरी लागली. मित्र म्हणाले थांब अजून पडंल, मी म्हटलं थांबणारा मी न्हवं. घेतलं. पेढे वाटले.

मग बँकेत बांधकाम कर्जाला गेलो तर एनए (बिगरशेतीचा कागद) कुठंय? एनए नाहीच, तुकडे पाडून विकलेलं. सर्च रिपोर्ट (जागेच्या मालकीची तपासणी) काढलाच नव्हता, घाई केली ना. रस्ता कागदावर ९ मीटर, जाग्यावर बैलगाडी. तो माणूस दीड लाख कमी करत होता ते नोटाबंदीमुळं नव्हतं, त्याला पण माहिती होतं काय विकतोय ते. २० वर्षांच्या मुलाला घेऊन गेलतो परवा, बाभळी आल्यात. म्हणाला पप्पा शेळ्या पाळू.

खासबागचा_पठ्ठ्या
शेळ्या चांगला धंदा आहे खरं, बकरी ईदच्या आधी रेट बघा, घरासारखा पडत नाही

कट_जास्त_दे
मी एजंट आहे, लोक शिव्या घालतात म्हणून सांगत नाही कुठं. आपल्याकडं रेट पडलेला बोर्डावर कधी दिसत नाही. बिल्डर चौरस फुटाचा भाव खाली आणत नाही, कारण आधीच्या वीस जणांनी चढ्या भावानं घेतलेलं असतं, ते ऑफिसात येऊन बसतील. तो पार्किंग फुकट देतो, किचन ट्रॉली देतो, जीएसटी मी भरतो म्हणतो. गिऱ्हाईक म्हणतंय रेट पडंना, खरं तो पडलेलाच असतो. रिसेलला उलटं, मालक आकडा सांगतो, महिनाभर कुणी फिरकत नाही, मग त्याचा जावई फोन करून हळूच विचारतो "शेवटचं किती येईल". जावयाचा फोन आला की समजायचं उतरलं.

सध्या पडलेलं काय नाही शहरात. हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं आणि भाऊसिंगजी रोडच्या आसपास जिन्याखालची खोली पण वकिलाला ऑफिस म्हणून चालतीय.

आठवी_गल्ली
जिन्याखाली मीच आहे. भाडं सांगू का?

मी_मंगळवारपेठकर
माझं उलट आहे. आम्ही विकणारे होतो. २०२० चा सप्टेंबर, पप्पा ऑक्सिजनवर, गंगावेशीतलं वाडवडलांचं घर, चुलत्यांची सही घ्यायला पीपीई किट घालून गेलो. जो घेणारा होता तो चांगला माणूस होता पण त्याला माहिती होतं आम्हाला गरज आहे. तीनदा रेट बदलला त्यानं, दर फोनला खाली. शेवटी दिलं. पप्पा घरी आले, कुठल्या घरी ते त्यांना आठ दिवस सांगितलंच नाही.

लोक म्हणतात पडत्या बाजारात घेणाऱ्याची चांदी, बरोबर आहे, ती कुणाच्या तरी हातातली असते. राग नाही आता. त्या रस्त्यानं जात नाही मात्र, फुलेवाडीला जायचं झालं तरी रंकाळ्यावरनं वळसा घालतो.

लवंगी_मिरची०९
🙏 पप्पा कसे आहेत आता?

मी_मंगळवारपेठकर
मस्त आहेत. सकाळी सहाला खासबागेत कट्ट्यावर. सगळ्यांना घर कधी घ्यावं यावर सल्ला देतात.

खासबागचा_पठ्ठ्या
थांबा थांबा, निळी टोपी? मला दिलाय त्यांनी सल्ला 😂

हप्ता_भरतोय
त्याच वर्षी आम्ही घेतलं. लॉकडाऊन, बाजार ठप्प, रेट पडलेला, व्याज पण पडलेलं, सप्टेंबर ते डिसेंबर स्टॅम्प ड्युटी ३ टक्क्यांनी कमी केलेली. शेवटच्या आठवड्यात दस्त नोंदणीला एवढी गर्दी की मास्क घालून पाच तास उभा होतो, पुढच्याचा आधार पाठ झाला माझा. सगळीकडनं स्वस्त म्हणून छाती फुगलेली.

२५ लाख कर्ज, ६.७ टक्के, हप्ता १८,९००. रेपोला (रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराला) जोडलेलं म्हणजे काय हे सही करताना कुणी विचारतंय? मग मे २०२२ पासनं रेपो ४ वरनं चढत चढत साडेसहा. हप्ता तोच कापला जात होता म्हणून मी निवांत. एक दिवस ॲप उघडलं तर उरलेली १८ वर्षं एकदम २९ दाखवायला लागली! हप्त्यातलं जवळजवळ सगळं व्याजातच जात होतं. बँकेत गेलो, हप्ता वाढवून घेतला, दिवाळीला बोनस आला तो मुद्दलात टाकला. आता रेपो उतरलाय, बरं वाटतंय. घराचा रेट सगळे बघतात, व्याजाचा कुणी बघत नाही, मीपण नाही बघितला, म्हणून लिहितोय.

पापाची_तिकटी
हप्ता वाढवून घ्यायला अर्ज द्यावा लागतो का? माझं पण तसंच असेल काय बघायला पाहिजे. फ्लॅट आपटेनगरला आहे, थेट पाइपलाइनचं पाणी येतं का तिकडं कुणाला माहिती?

हप्ता_भरतोय
साधा अर्ज. शाखेत जा, ॲपवर दिसत नाही.

कट_जास्त_दे
आपटेनगरला कुठं? दाखवू का विकायला? 😄

पापाची_तिकटी
बायको मारेल.

सातबारा_हरवलेला
मी २०१४ पासून थांबलोय. रेट पडेल म्हणून. आधी नोटाबंदीला थांबलो, मग रेरा (बिल्डरांवरचा कायदा) आला तेव्हा, मग पूर, मग कोरोना. भाडं मोजलं परवा, एवढ्या वर्षांत १० लाखाच्या वर गेलंय. बायको म्हणते अलमट्टीवर बोलायचं सोडून घर बघितलं असतंस तर.

आठवी_गल्ली
वहिनींना नमस्कार सांगा.

शेवग्याची_शेंग
सगळ्यांचं वाचलं, मधेच भाकरी करपली एक. फिनिक्सवाले दादा, तुमचा चार महिने का दोन महिने हा प्रश्न भाच्याला जसाच्या तसा पाठवला, त्याचं उत्तर आलं "मावशी, दीड". आम्ही मागं आर. के. नगरला घेतलं, चढ्या भावानं, टेकाडावर. ह्यांचं म्हणणं अजून आहे की नागाळा पार्कातलं ३८ ला सोडलं, दर पावसाळ्यात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की ते म्हणायचं थांबवतात आणि दसऱ्याला परत सुरू.

भाच्याचा आत्ता परत फोन आलता. घराचे फोटो पाठवले, खाली तळघर आहे, लोक तिथं भाडेकरू ठेवतात म्हणे. मी पहिलं विचारलं, तळघरात पाणी येतं का?

खासबागचा_पठ्ठ्या
मग? येतं का?

शेवग्याची_शेंग
म्हणाला मावशी पाणी नाही येत, बर्फ येतो. म्हटलं मग बर्फ वितळल्यावर काय येतं ते मालकाला विचार. विचारून सांगतो म्हणालाय.