नवऱ्यामुळे नाव झालं?

या चर्चेत कोणीतरी म्हटलंय की अमेरिकन कलासमीक्षक अलीन सारिनेनला टीव्हीवर काम मिळालं ते प्रसिद्ध वास्तुविशारद ईरो सारिनेनची बायको म्हणून. हे काही पटत नाही बुवा. १९५३ मध्ये ती त्याच्याकडे गेली तीच मुळी न्यूयॉर्क टाइम्सची कलासमीक्षक म्हणून, त्याच्यावर लेख लिहायला, आणि त्याआधी आर्ट न्यूज या कलाविषयक मासिकाची मॅनेजिंग एडिटर होऊन गेलेली. लग्न १९५४ चं. उलट लग्नानंतर त्याच्या ऑफिसची प्रसिद्धी तीच सांभाळायची, त्यामुळे कोणामुळे कोणाचं नाव झालं हे जरा उलटं पण तपासायला हवं. अर्थात ज्याच्यावर लिहिलं त्याच्याशीच लग्न, हा समीक्षक म्हणून तिच्या तटस्थतेचा प्रश्न उरतोच, तो मी झटकत नाही.

पण इथे टीव्हीबद्दल कोणीच नीट बोललं नाहीये. १९६१ ला ईरो गेला आणि पुढच्याच वर्षी ती एनबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर दिसायला लागली, सकाळच्या टुडे शोमध्ये चित्रांवर बोलायची. आता गंमत बघा, तेव्हा बहुतेक घरांत सेट ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे समोर करडं चित्र आणि रंग हिने बोलून दाखवायचे, तेही ऑफिसला निघायच्या घाईतल्या लोकांना. छापील समीक्षेत निदान वाचक मागे जाऊन ओळ परत वाचू शकतो, इथे तीही सोय नाही. पुढे नुसती कलेपुरतीही राहिली नाही, १९७१ मध्ये एनबीसीच्या पॅरिस ब्युरोची प्रमुख झाली, परदेशातला टीव्ही न्यूज ब्युरो चालवणारी पहिली अमेरिकन बाई. वर्षभरातच, १९७२ ला, ब्रेन ट्यूमरने गेली.