उत्तर: कॅम्परमधला रेडिओ आणि बॅटरी

प्रश्न असा होता: कॅम्परमध्ये (राहायची सोय केलेल्या गाडीत) रेडिओ आहे, आणि गंगापूर धरणाकाठी गाडी दोन रात्री उभी राहिली की इंजिनची बॅटरी बसते. दोष बहुधा रेडिओचा नसून जोडणीचा आहे. रेडिओची पिवळी (कायम बारा व्होल्ट) आणि लाल (चावी फिरवल्यावर वीज देणारी) वायर एकत्र पिळली, की बऱ्याच सेटला गाडी कायम चालूच वाटते. ब्लूटूथ, बटणांचे दिवे झोपतच नाहीत. समजा 150 मिलीअँपिअर ओढले, तरी दिवसाला 3.6 अँपिअर-अवर (बॅटरीतली वीज मोजायचं एकक), आठवड्याला 25.

पिवळी मागच्या बॅटरीवर (राहायच्या भागातल्या दिवे-पंख्यांसाठीच्या वेगळ्या बॅटरीवर) घ्या, इंजिनच्या नको. बॅटरीपासून वीतभर अंतरात 10 अँपिअरचा फ्यूज, वायर दीड स्क्वेअर एमएम. लाल वायर त्याच फ्यूजपुढून, पण डॅशवरच्या छोट्या टॉगल स्विचमधून. काळी थेट मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, गाडीच्या बॉडीला नको. इगतपुरीच्या पावसात बॉडीचा स्क्रू गंजला की खरखर आलीच.

मग लाल बंद करून मल्टिमीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून पिवळी एका जागी सोडवून तिच्या दोन टोकांच्या मधे लावा. पाचेक मिनिटं थांबा, सेट लगेच झोपत नाही. 10-20 मिलीअँपिअरच्या आत आलं तर ठीक. जास्त असेल तर पिवळीलाही स्विच द्या. घड्याळ नि कधीकधी स्टेशनं पुसली जातील, एवढंच. मीटर लावलेला असताना आवाज मोठा करू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

आणि एफएम फक्त रात्रीच खरखरत असेल तर आधी गाडीतली एलईडी दिव्यांची पट्टी बंद करून बघा, खरखर तिचीही असू शकते.